चौथी वाट

सौदी अरेबियात, तांबड्या समुद्रावरच्या जिझानच्या दक्षिणेला सरकारी मालकीचा अकरा किलोमीटर किनारा आहे. रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये तारेचं कुंपण होतं आणि त्या कुंपणाला एकतीस भोकं होती. ती वहाबनं मोजली होती, जून महिन्यात, तीन दिवस चालून. प्रत्येक भोकाला त्यानं नकाशावर क्रमांक दिला आणि तिथून पायवाट कुठवर जाते ते लिहून ठेवलं. आसपासच्या गावांतली माणसं गळ टाकायला वर्षानुवर्षं या भोकांतून आत जात होती. पोलिसांची गाडी आली की बाहेर येत, गेली की पुन्हा आत शिरत.

आता सरकारनं हा किनारा लोकांना खुला करायचं ठरवलं होतं. रस्त्यापासून पाण्यापर्यंत सात वाटा, प्रत्येक वाटेच्या तोंडाशी गाड्या लावायला जागा, एक फाटक, एक पाटी. ओळखपत्र दाखवायचं आणि गळ घेऊन आत जायचं. मुदत ३१ डिसेंबरची होती. वाटा आखण्याचं काम एका सल्लागार कंपनीला मिळालं आणि कंपनीनं ते वहाबवर टाकलं.

वहाब बावन्न वर्षांचा, दाभोळ खाडीवरचा. बाप दालदी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा कोकणी मुसलमान. वहाब स्वतः होडीवर फार काळ राहिला नाही. सर्वेक्षणाचा डिप्लोमा करून तो रियाधला आला आणि कंपनीच्या अल मलाझमधल्या कचेरीत एकोणीस वर्षं गटारांच्या लाइनी काढत बसला. मग सौदीकरणाचा, म्हणजे कंपनीत सौदी माणसं घेण्याचा, टक्का वाढला आणि त्याची खुर्ची एका सौदी इंजिनिअरला गेली. कंपनीनं त्याला काढलं नाही, जिझानला धाडलं. बायको सुरैया आणि मुलगी लाइबा अल मलाझच्या फ्लॅटमध्येच राहिल्या, कारण लाइबा बारावीत होती.

जिझानच्या कचेरीचे प्रमुख श्यामकांत माने मूळचे जतचे. पहिल्याच दिवशी ते वहाबला म्हणाले होते, "वहाबभाई, आमच्याकडं पाणी बघायचं तर टँकरची वाट बघायला लागती. समुद्राचं मला काही विचारू नका. तुम्ही सांगाल ते मी साहेबाच्या इंग्रजीत लिहीन." आणि तसंच चाललं होतं.

सातपैकी सहा वाटा वहाबनं लोकांच्या पायवाटांवरूनच नेल्या. सर्वेक्षकापेक्षा चालणाऱ्याचे पाय शहाणे असतात, असं त्याचं मत होतं. चौथ्या वाटेला मात्र त्यानं ते बाजूला ठेवलं. तिथे पायवाट शंख-शिंपल्यांच्या उंचवट्यावरून मोठं वळण घेत नऊशे मीटर जात होती. सरळ गेलं तर साडेतीनशे मीटर, आणि जमीन सपाट, वर मिठाचा पांढरा थर, गाडी नेली तरी चाक रुतणार नाही इतकी टणक. या वळणावरून हादी नावाचा एक म्हातारा रोज कुबडी घेऊन जायचा. पूर्वी तो बोटीवर होता. पाय गेल्यापासून काठावर बसून गळ टाकत असे. वहाबनं घड्याळ लावून पाहिलं, म्हाताऱ्याला जायला चाळीस मिनिटं लागत. सरळ वाटेनं पंधरा लागली असती.

पाणी तिथवर येतं का, हे वहाबनं आपल्या पद्धतीनं तपासलं. त्याच्या बापाचा नियम होता की आषाढाच्या अमावास्येला पाणी जिथं थांबतं, त्याच्या वर घराचं जोतं घालावं, दर्या त्यापुढे येत नाही. दाभोळला मुसलमान घरांतसुद्धा समुद्राचा हिशोब याच महिन्यांनी होई. पावसाळ्यातल्या उधाणाएवढं पाणी वर्षात दुसरं नाही. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आषाढ अमावास्येच्या उधाणाला, वहाब तीन दिवस तिथे जाऊन उभा राहिला. पाणी आखलेल्या वाटेच्या टोकापासून चाळीस मीटर खाली, समुद्राच्या बाजूलाच थांबलं. त्यानं तिथे खुंटी ठोकली, फोटो काढला आणि अहवालात लिहिलं की चौथ्या वाटेला भरतीचा धोका नाही. ऑक्टोबरात ठेकेदारानं मुरूम आणि खडी टाकून वाट बांधायला घेतली.

सप्टेंबरात याह्या रुजू झाला होता. पंचवीस वर्षांचा, जिझानजवळच्याच गावातला, नुकताच पदवी घेतलेला. कंपनीच्या यादीत वहाबच्या हुद्द्यासमोर त्याचं नाव होतं. वहाबनं त्याला काम शिकवायचं आणि काम संपलं की जागा त्याला द्यायची, हे दोघांनाही माहीत होतं. याह्या त्याला मुअल्लिम म्हणायचा, म्हणजे काम शिकवणारा उस्ताद. दोघांचं बोलणं मोडकी अरबी आणि मोडकी हिंदी यांत चाले.

ऑक्टोबरच्या शेवटी एकदा याह्यानं विचारलं होतं की थंडीत इथे पाणी येणार नाही का. वहाबनं त्याला आषाढाची गोष्ट समजावून सांगितली, खुंटी दाखवली, फोटो दाखवला. याह्यानं ऐकून घेतलं आणि मोजणीच्या दुर्बिणीचा तिपाया उचलून गाडीत ठेवला.

वहाबचा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, २० जानेवारीला संपत होता. लाइबाची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या बावीस तारखेपर्यंत. बापाचा इकामा गेला की बायको-मुलीचाही जातो आणि बारावीच्या मध्यात परीक्षेचं केंद्र बदलून मिळत नाही. वर्ष गेलंच. इकामा आता तीन-तीन महिन्यांसाठी वाढवता येत होता आणि श्यामकांतनी शब्द दिला होता की सातही वाटा डिसेंबरअखेर सरकारच्या ताब्यात गेल्या तर वहाबला शेवटचे तीन महिने मिळतील, हस्तांतराच्या कामासाठी म्हणून. वहाबला तेवढेच हवे होते. एक तिमाही.

३ डिसेंबरला, अमावास्येनंतर दोन दिवसांनी, वहाब खडीची जाडी तपासायला चौथ्या वाटेवर गेला. साडेतीनशेपैकी शंभर मीटर वाट पाण्याखाली होती. पाणी फार नव्हतं, घोट्याच्या थोडं वर. पण मिठाचा थर विरघळला होता आणि खालची जमीन चिखल झाली होती. त्यानं वाटेच्या कडेला पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. खुंटी कुठे दिसत नव्हती. ऑगस्टमध्ये कोरड्यात ठोकलेली ती खुंटी आता समुद्रात होती.

याह्या मागे उभा होता. त्यानं समजावून सांगितलं, फार समजावण्याच्या सुरात नाही. उन्हाळ्यात वारा या समुद्रातलं पाणी दक्षिणेकडून बाहेर ढकलतो, थंडीत वारा फिरतो आणि पाणी आत येतं. सगळा समुद्रच वीतभर वर चढतो, त्यावर भरती. दाभोळला जो महिना सर्वांत वरच्या पाण्याचा, तो इथे जवळजवळ सर्वांत खालच्या पाण्याचा. जिझानच्या काठावरच्या पोरांनाही हे ठाऊक होतं. लोकांची पायवाट उंचवट्यावरून वळसा का घेत होती, तेही आता कुणी सांगायची गरज नव्हती.

वहाबनं पाय बाहेर काढला. बूट आतच राहिला, तो हातानं उकरून काढावा लागला.

कचेरीत त्यानं श्यामकांतना सगळं सांगितलं. वाट वळणावरून नव्यानं काढायला किती दिवस लागतील ते श्यामकांतनी विचारलं. नकाशे, मंजुरी, ठेकेदार, सगळं धरून अडीच महिने, असं वहाब म्हणाला. श्यामकांतनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्याकडे बावीस माणसं होती आणि मुदत चुकली तर कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची नोटीस आधीच आलेली होती. ते चिडले नाहीत. चिडण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

"खात्याचा इन्स्पेक्टर एकदाच येणार," ते म्हणाले. "दिवस आपण सांगायचा. हे पाणी रोज येतं?"

"उधाणाला येतं. भांगेला नाही यायचं."

"भांग म्हणजे?"

"अष्टमीच्या सुमाराचं पाणी. वर चढत नाही फार."

"मग अष्टमी कधी आहे ते सांगा."

वहाब बुटावरचा चिखल खरवडत राहिला.

"मी तुमच्यावर ढकलत नाही," श्यामकांत म्हणाले. "मला तिथी कळत नाही, म्हणून विचारतोय. नाही सांगितलंत तर मी आपली कुठलीतरी तारीख देईन आणि नशीब म्हणेन."

वहाब म्हणाला की उद्या सांगतो.

त्या संध्याकाळी त्यानं घरी फोन केला. वाट चुकली हे त्यानं सुरैयाला सांगितलं, बाकीचं तिनं काढून घेतलं. मग तिनं विचारलं की या वाटेनं जाऊन कुणी मरेल का. मरणार नाही, वहाब म्हणाला, पण रुतेल, पडेल, म्हातारं माणूस असेल तर हाड मोडेल.

"आणि सांगितलंत तर आपण जानेवारीत जाणार."

"हो."

"तर मग तिला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं व्हायचं नाय." तिनं फोन लाइबाकडे दिला.

लाइबानं इंग्रजीत विचारलं की पप्पा कसे आहेत आणि केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल जानेवारीच्या आठ तारखेला आहे हे सांगितलं. वहाबनं जेवलीस का विचारलं. ती हिंदीत म्हणाली, कब का. त्यानं दुसरं काही सांगितलं नाही.

सकाळी तो श्यामकांतच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, "चोवीस. मंगळवार. सकाळी दहा."

२४ डिसेंबरला इन्स्पेक्टर आला. त्याच्याबरोबर फोटो काढणारा एक होता. सातही वाटा दुपारच्या नमाजापर्यंत पाहून झाल्या. चौथी वाट कोरडी होती, ठेकेदारानं वरून नवा मुरूम पसरला होता आणि रोलर फिरवला होता. इन्स्पेक्टर वाटेच्या मध्यावर उभा राहिला आणि ही वाट सर्वांत चांगली आहे म्हणाला, म्हाताऱ्या माणसांसाठी सोयीची. त्यानं याह्याकडे पाहून अरबीत विचारलं की तू इथलाच ना, तुला कशी वाटते. याह्या म्हणाला की नकाशाप्रमाणे आहे. मग ताबा-पावतीवर सह्या झाल्या. श्यामकांत, वहाब, याह्या, इन्स्पेक्टर.

पुढच्या आठवड्यात फाटकं उघडली. वहाबचा इकामा २० एप्रिलपर्यंत वाढला.

त्यानं श्यामकांतना एकच गोष्ट मागितली, चौथ्या फाटकावर एक पाटी, भरतीच्या वेळी आत जाऊ नये एवढीच. श्यामकांत म्हणाले की पाटी लावली म्हणजे आपल्याला माहीत होतं असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल. ते बरोबर होतं. तेव्हा वहाबनं स्वतःच तिथे उभं राहायला सुरुवात केली. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे चार-चार दिवस, भरतीच्या वेळी, फाटकाशी गाडी लावून. हस्तांतराच्या कामात हेही बसत होतं. येणाऱ्याला तो हातानं वळणाकडे पाठवायचा. बहुतेक जण जायचे. काही जण विचारायचे की सरकारनं वाट बांधलीय ती कशासाठी मग. त्याला अरबीत नीट उत्तर देता यायचं नाही. तो "काम चालू आहे" म्हणायचा.

जानेवारीच्या पौर्णिमेनंतरच्या दिवशी लाइबाचा शाळेतून फोन आला, एका अर्जावर बापाची सही हवी होती आणि ती मोबाइलवरून करायची होती. सात-आठ मिनिटं तो गाडीत बसून ते करत होता. मान वर केली तेव्हा हादी फाटकाच्या आत शंभरेक मीटरवर होता. वाटेवरच्या पाण्यात खडी दिसत नव्हती. कुबडी कडेला गेली आणि आत शिरली, तिच्यामागे म्हातारा. वहाब पोहोचला तेव्हा तो कमरेएवढ्या चिखलात बसल्यासारखा होता आणि मासे ठेवायची बादली धरून होता. त्याला ओढून काढायला वेळ लागला. हाड मोडलं नव्हतं. कुबडी सापडली नाही.

गाडीत बसल्यावर हादीनं विचारलं, "ही वाट कोणी काढली?"

"कंपनीनं," वहाब म्हणाला.

त्यानं म्हाताऱ्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी नवी कुबडी घेऊन गेला. ती घरातल्या बाईनं दारातून घेतली. त्यानंतर हादी किनाऱ्यावर दिसला नाही, सरळ वाटेवर नाही आणि वळणावरही नाही. वहाब फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये त्याच्यासाठी नजर ठेवून होता. फाटकं उघडल्यापासून त्या किनाऱ्यावर येणारी माणसं तिप्पट झाली होती. श्यामकांतनी दर महिन्याला हा आकडा खात्याला कळवला. एक माणूस कमी झाला होता, तो आकड्यात कुठे दिसत नव्हता.

रमजानात लाइबाचे पेपर झाले. बावीस मार्चला शेवटचा. तिनं फोनवर सांगितलं की ठीक गेले. वहाबनं सुरैयाला सामान बांधायला सांगितलं. ईद झाली. सहा एप्रिलला कचेरी उघडली त्या सकाळी त्यानं दीड पानाचा अहवाल टाइप केला. चौथ्या वाटेची आखणी चुकली आहे, ती नोव्हेंबर ते मार्च उधाणाला पाण्याखाली जाते, ती बंद करून वळणाच्या पायवाटेवर नवी बांधावी. चूक कशी झाली, आषाढाचा हिशोब काय होता, तो इथे उलटा कसा पडतो. जानेवारीत एक माणूस त्यात पडला. शेवटचं वाक्य होतं, की हे मला ३ डिसेंबरपासून माहीत होतं.

श्यामकांत त्या आठवड्यात तबूकच्या नव्या कामावर गेले होते. जिझानची फाइल आता याह्याच्या ताब्यात होती. नोंदणी क्रमांक पडल्याशिवाय खात्यात कागद कुणी उघडत नसे आणि क्रमांक टाकणारा याह्याच होता. वहाबनं अहवाल त्याच्यासमोर ठेवला.

याह्यानं तो दोनदा वाचला.

"आज पाठवला तर उद्या कोणीतरी बघायला जाईल," तो म्हणाला. "वाट कोरडी असेल. नोव्हेंबरपर्यंत पाणी खालीच जाणार. ते म्हणतील, जागा गेली म्हणून हिंदी माणूस रागानं लिहून गेला. आणि फाइल बंद करतील."

वहाबनंही हे धरलेलं होतं. त्यानं विचारलं, "इन्स्पेक्टरनं तुला विचारलं तेव्हा तू का गप्प राहिलास?"

याह्यानं कागद सरळ केला.

"तुझ्या मुलीची परीक्षा होती, असं सांगू का?"

"खरं सांग."

"ते पण खरंच आहे. दुसरं असं की काम ताब्यात गेल्यावरच माझी जागा कायम होणार होती. मी गप्प राहिलो तर तू तीन महिने राहणार होतास आणि मी नेहमीसाठी. मला हिशोब येतो, मुअल्लिम. तूच शिकवलास."

बाहेर कुणीतरी छपाईचं यंत्र चालू केलं. वहाबला ऑक्टोबरातला तो प्रश्न आठवला, तिपाया उचलण्याआधीचा.

"हा माझ्याकडे ठेव," याह्या म्हणाला. "डिसेंबरात पाणी वर आलं की फोटो जोडून देतो. तेव्हा कुणी नाही म्हणू शकणार नाही."

याह्या योग्य तेच बोलत होता. पण डिसेंबरात वहाब दाभोळला असणार होता आणि कचेरीतल्या खणात ठेवलेल्या कागदांचं काय होतं हे त्यानं एकोणीस वर्षं पाहिलं होतं. खण उघडायला कुणाला तरी कारण लागतं. याह्या आज खरं बोलत होता. डिसेंबरातल्या याह्याबद्दल आजच्या याह्याला तरी काय माहीत असणार.

वहाबनं अहवालाची दुसरी प्रत काढली आणि पेन पुढे केलं.

"पोचल्याची सही कर. तारीख घाल."

याह्यानं पेन घेतलं नाही. "सही केली तर आजपासून मलाही माहीत आहे असं होईल. लेखी."

"हो."

"डिसेंबरात दिला नाही तर माझी जागा जाईल."

"जाऊ शकते."

"तू मला अडकवतोयस."

"अडकवतोय," वहाब म्हणाला. "दुसरा मार्ग मला सापडला नाही. सापडला तर सांग."

याह्या खुर्चीत मागे रेलला. त्यानं खिडकीकडे पाहिलं. तिथून समुद्र दिसत नव्हता, समोरच्या गोदामाची भिंत दिसत होती. मग त्यानं विचारलं की यात त्याचं नाव कुठे आहे का. नाही, वहाब म्हणाला. श्यामकांतचंही नाही. 'मला' असंच लिहिलंय, एकवचनी.

याह्यानं तो शेवटचा परिच्छेद पुन्हा पाहिला आणि पेन घेतलं. अरबीत नाव लिहिलं, खाली तारीख, आधी हिजरी आणि मग इंग्रजी. मूळ प्रतीवर नोंदणीचा क्रमांक टाकला, वहीत तो उतरवला आणि प्रत वहाबकडे सरकवली.

"खलास," तो म्हणाला. "आता मला द्यावाच लागेल."

वहाबनं प्रतीची घडी घालून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. फायनल एक्झिटचा, म्हणजे देश कायमचा सोडायचा, अर्ज अजून भरायचा होता. त्यानं याह्याकडेच फॉर्म मागितला, कारण आता ते फॉर्मही त्याच्याच कपाटात असत.